डेंग्यूचा धोका नकाशावर : आजवरचे प्रयत्न आणि उरलेले वाद

सरकारी नोंदींनुसार २०१० साली भारतात डेंग्यूचे २८,२९२ रुग्ण सापडले. त्याच वर्षासाठी ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या एका गटाने जगाचा नकाशा तयार केला. त्यात भारताच्या वाट्याला अंदाजे ३ कोटी ३० लाख आजारी माणसे आली. दोन आकड्यांत हजारपटीहून अधिक अंतर आहे, तरीही यातला एकही आकडा खोटा नाही. पहिला आकडा ठरावीक रुग्णालयांत पोचलेल्या आणि ठरावीक चाचणीत पॉझिटिव्ह आलेल्या माणसांचा आहे. दुसरा आहे तो डेंग्यूमुळे रोजचे व्यवहार थांबवावे लागतील एवढा त्रास झालेल्या सगळ्यांचा. त्यातले कित्येक डॉक्टरकडे गेलेच नसतील. जे गेले, तेही ‘व्हायरल ताप’ म्हणून गोळ्या घेऊन घरी परतले असतील.

डेंग्यूच्या जागतिक नकाशांवर गेली वीस-पंचवीस वर्षे जी चर्चा चालली आहे, तिच्या मुळाशी हेच अंतर आहे. रोग कुठे होऊ शकतो, किती जणांना होतो आणि पुढच्या महिन्यात कुठे उसळेल, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. प्रत्येकासाठी वेगळा नकाशा लागतो. छापून आल्यावर मात्र तिन्ही नकाशे सारखेच दिसतात : उष्ण कटिबंधावर लाल पट्टा, उत्तरेकडे फिकट होत गेलेला. एका प्रश्नासाठी काढलेला नकाशा दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचला जातो आणि पुष्कळसे मतभेद तिथून सुरू होतात, असे माझे मत आहे. काही मतभेद मात्र खरोखर माहितीचे आहेत, आणि ते अजून मिटलेले नाहीत.

हा रोग नकाशात का सापडत नाही

डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. एका प्रकाराची लागण होऊन गेली की त्या प्रकारापासून बहुधा आयुष्यभर संरक्षण मिळते, इतर तिघांपासून काही महिनेच. दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराची लागण झाली तर आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते. क्युबात १९७७ मध्ये पहिल्या प्रकाराची मोठी साथ आली, तेव्हा आजार सौम्य होता. चारच वर्षांनी, १९८१ मध्ये, दुसरा प्रकार आला आणि ३ लाख ४४ हजार रुग्णांची नोंद होऊन १५८ जण दगावले. हवामान तेच होते, डासही तेच. बदलले होते ते लोकांच्या रक्तातले. म्हणजे डेंग्यूचा धोका भूगोलाइतकाच इतिहासावर अवलंबून असतो, आणि हा इतिहास उपग्रहाच्या छायाचित्रात दिसत नाही.

दुसरी अडचण लक्षणांची. लागण झालेल्यांपैकी बहुतेकांना काहीच जाणवत नाही. अशा माणसाला चावलेल्या डासालाही विषाणू मिळू शकतो, हे कंबोडियातल्या अभ्यासातून २०१५ मध्ये स्पष्ट झाले. ज्यांना ताप येतो त्यांचा ताप मलेरिया, चिकुनगुन्या, लेप्टोस्पायरोसिस यांच्यापासून नुसत्या तपासणीने वेगळा काढणे कठीण. त्यात देशोदेशीच्या नोंदीच्या पद्धती निराळ्या. भारतात एलायझा या प्रयोगशाळेतल्या रक्तचाचणीत निश्चित झालेलाच रुग्ण मोजला जातो. खासगी दवाखान्यातल्या झटपट पट्टीचाचणीवर पॉझिटिव्ह आलेला माणूस ‘संशयित’ राहतो. ब्राझीलमध्ये लक्षणांवरून संभाव्य ठरलेले रुग्णही आकड्यात येतात. हे दोन देश एकाच नकाशावर शेजारी ठेवताना ही गोष्ट विसरली, तर नकाशात रोगाची तीव्रता न दिसता कचेऱ्यांची शिस्त दिसते.

सुरुवातीचे नकाशे

रोगांचे जागतिक नकाशे पद्धतशीरपणे काढण्याचा पहिला मोठा उपक्रम अमेरिकन जिऑग्राफिकल सोसायटीचा. तिथे काम करणारे फ्रेंच शल्यविशारद जॅक मे यांनी १९५२ मध्ये डेंग्यू आणि पीतज्वर यांचा एकत्र नकाशा प्रसिद्ध केला. दोन्ही रोग एडिस इजिप्ती या एकाच डासामार्फत पसरतात, म्हणून जोडी. पीतज्वराच्या धास्तीपोटी अमेरिका खंडातल्या देशांनी १९४७ पासून या डासाच्या उच्चाटनाची मोहीम चालवली होती. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अठरा देश एडिसमुक्त झाल्याचे जाहीर झाले. पुढे मोहीम ढिली पडली, डास परतला, आणि क्युबाच्या १९८१च्या साथीने त्या ढिलाईची किंमत दाखवून दिली.

नंतरची कित्येक वर्षे जागतिक आरोग्य संघटनेचा नकाशा हाच आधार होता. त्याची पद्धत सोपी : ज्या देशातून रुग्णांची नोंद आली तो देश रंगवायचा. सोबत एक आकडा फिरत असे, दरवर्षी ५ ते १० कोटी लागणी. या पद्धतीत अख्खा देश एकाच रंगाचा होतो. राजस्थानचे वाळवंट आणि केरळचा किनारा यांत फरक उरत नाही.

या पद्धतीला शिस्त आणायचा चांगला प्रयत्न ऑलिव्हर ब्रेडी आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये केला. प्रत्येक देशात डेंग्यू आहे किंवा नाही, याबद्दलचा पुरावा किती भक्कम आहे, याला त्यांनी गुण दिले. प्रयोगशाळेची खात्री आहे का, नोंद अलीकडची आहे का, आरोग्यव्यवस्था रोग पकडण्याइतकी सक्षम आहे का, हे सगळे त्यात होते. निष्कर्ष निघाला की १२८ देशांत डेंग्यू असल्याचा पुरावा आहे आणि तिथल्या धोक्याच्या क्षेत्रात ३९७ कोटी लोक राहतात. मला या कामातला सगळ्यांत मोलाचा भाग वाटतो तो या आकड्याबाहेरचा. आफ्रिकेच्या मोठ्या भागापुढे त्यांनी ‘नाही’ असे न लिहिता ‘पुरावा अनिश्चित’ असे लिहिले. नकाशावर अज्ञानाला स्वतःचा रंग मिळाला.

३९ कोटींचा नकाशा

एप्रिल २०१३ मध्ये सुरुवातीला उल्लेखलेल्या ऑक्सफर्डच्या गटाचा, म्हणजे समीर भट्ट, सायमन हे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, निबंध ‘नेचर’मध्ये आला आणि चर्चेची पातळीच बदलली. सायमन हे यांनी बॉब स्नो यांच्याबरोबर २००५ पासून मलेरियाच्या नकाशांचा मोठा प्रकल्प उभा केला होता. तिथली हत्यारे आता डेंग्यूकडे वळली.

पद्धत थोडक्यात अशी. जगभरातल्या अहवालांतून आणि शोधनिबंधांतून डेंग्यू निश्चितपणे आढळल्याच्या ८,३०९ जागा गोळा केल्या. पाऊस, तापमान, शहरीकरण, दळणवळणाची सोय आणि सापेक्ष गरिबी यांचे जागतिक थर त्यावर चढवले. रोग आढळलेल्या जागांमध्ये समान काय, हे संगणकीय प्रारूपाने शिकले आणि मग जगातल्या प्रत्येक ५ किलोमीटर बाय ५ किलोमीटरच्या चौकोनाला डेंग्यूची शक्यता दिली. त्यापुढची पायरी अधिक धाडसाची होती. लोकसमूहांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासांच्या आधारे त्या शक्यतेचे रूपांतर त्यांनी लागणींच्या संख्येत केले.

उत्तर आले : २०१० मध्ये ३९ कोटी लागणी, त्यांपैकी ९ कोटी ६० लाख लक्षणांसह. म्हणजे आरोग्य संघटनेच्या तोवरच्या अंदाजाच्या तिपटीहून अधिक. ७० टक्के ओझे आशियावर, एकट्या भारतावर ३४ टक्के. आफ्रिकेचा वाटा १६ टक्के, अमेरिका खंडाच्या १४ टक्क्यांहून किंचित जास्त.

३९ कोटी हा आकडा तेव्हापासून प्रत्येक अहवालात, प्रत्येक बातमीत आला. त्याबरोबरचा पल्ला मात्र क्वचितच छापला गेला. संशोधकांनी स्वतः २८ कोटी ४० लाख ते ५२ कोटी ८० लाख असा अंदाज दिला होता. दोन टोकांमध्ये जवळजवळ २४ कोटी माणसांचे अंतर आहे.

या नकाशाच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. पद्धत उघड होती, माहिती इतरांना तपासायला खुली होती आणि नोंदींच्या पलीकडे पाहण्याचा हा पहिला गंभीर जागतिक प्रयत्न होता. भारतापुरती त्याची दिशा इतर अभ्यासांशी जुळतेही. डोनाल्ड शेपर्ड आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मदुराई जिल्ह्यातल्या नोंदी खोलात तपासून काढलेला अंदाज असा, की २००६ ते २०१२ या काळात देशात दरवर्षी सुमारे ५८ लाख डेंग्यूरुग्ण वैद्यकीय सेवेपर्यंत पोचत होते. हा आकडा सरकारी नोंदींच्या २८२ पट होता.

आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणेही तितकेच वजनदार आहे. ‘आढळल्याच्या जागा’ तिथेच सापडतात जिथे कोणी शोधायला गेलेले असते. ‘न आढळल्याच्या जागां’ची खात्रीलायक माहिती जवळपास नसतेच, ती गणिताने तयार करावी लागते. आणि एखादी जागा डेंग्यूला अनुकूल असणे म्हणजे तिथे दरवर्षी अमुक इतके लोक आजारी पडणे नव्हे. ही उडी ज्या लोकसमूह-अभ्यासांवर घेतली, ते मुळात जास्त डेंग्यू असलेल्या ठिकाणीच झालेले असतात.

रक्ताचा आधार

दुसरी वाट हवामानापासून न निघता रक्तापासून निघते. पाच वर्षांच्या मुलांपैकी किती जणांच्या रक्तात डेंग्यूची प्रतिपिंडे आहेत, दहा वर्षांच्यांत किती, वीस वर्षांच्यांत किती, हे कळले की त्या गावात दरवर्षी किती टक्के लोकांना नव्याने लागण होते याचा हिशेब मांडता येतो. रुग्ण दवाखान्यात गेला की नाही, डॉक्टरने काय लिहिले, या सगळ्याला इथे बगल मिळते.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधले लॉरेंझो कॅटारिनो, नील फर्ग्युसन आणि सहकारी यांनी २०२० मध्ये असे रक्तसर्वेक्षण आणि वयवार रुग्णनोंदी एकत्र करून जगाचा नकाशा काढला. त्यांचे उत्तर होते दरवर्षी साडेदहा कोटी लागणी, त्यांतल्या ५ कोटी १० लाख जणांना ताप. ३९ कोटींच्या जवळजवळ चौथा हिस्सा.

इथे वाचक साहजिकच विचारेल, मग खरे काय? दोन्ही गटांत नामवंत शास्त्रज्ञ आहेत, दोघांची पद्धत उघड आहे. लागणीच्या आकड्यात चौपट फरक असला तरी आजारी पडणाऱ्यांच्या आकड्यात तो दुपटीच्या आत आहे, हे लक्षात घ्यायला हवे. वादाचा मोठा हिस्सा मूक लागणी किती, या एका प्रश्नावर येऊन थांबतो. रक्तसर्वेक्षणालाही स्वतःच्या अडचणी आहेत. डेंग्यू, झिका आणि पीतज्वर हे विषाणू एकमेकांचे नातेवाईक. झिका होऊन गेलेल्या किंवा पीतज्वराची लस घेतलेल्या माणसाची एलायझा चाचणी डेंग्यूसाठी पॉझिटिव्ह येऊ शकते. शिवाय अशी सर्वेक्षणे महाग, म्हणून मोजकी.

भारताने मात्र या बाबतीत एक चांगले काम केले. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोग संस्थेच्या पुढाकाराने, मनोज मुऱ्हेकर आणि सहकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये १५ राज्यांतल्या २४० वस्त्यांमधून ५ ते ४५ वयोगटातल्या सुमारे १२,३०० जणांचे रक्त तपासले. ४८.७ टक्के लोकांना आधी कधीतरी डेंग्यू होऊन गेला होता. दक्षिणेत हे प्रमाण जवळजवळ ७७ टक्के, पश्चिम विभागात ६२, उत्तरेत ६० आणि ईशान्येत अगदी कमी. शहरी भागात ७१ टक्के, ग्रामीण भागात ४२. पाच ते आठ वर्षांच्या मुलांतच २८ टक्के पॉझिटिव्ह होती. ‘डेंग्यू हा शहरी रोग’ असे आपण सहज म्हणतो; ग्रामीण भागातले ४२ टक्के त्याला आधार देत नाहीत. एकाही संगणकीय नकाशाने भारताबद्दल एवढे ठोस सांगितलेले नाही.

डासाचे नकाशे आणि तापमानाची मर्यादा

काही संशोधक म्हणतात, रोगाची नोंद एवढी बेभरवशाची असेल तर डासापासूनच सुरुवात करू. मोरिट्झ क्रेमर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये एडिस इजिप्ती आणि एडिस अल्बोपिक्टस या दोन्ही डासांचे जागतिक नकाशे प्रसिद्ध केले. दोघांच्या मिळून चाळीस हजारांहून अधिक नोंदी त्यांत होत्या. अल्बोपिक्टस, म्हणजे आशियाई वाघडास, मूळचा आपल्याकडचाच. वापरलेल्या टायरांच्या व्यापारातून तो १९७९ मध्ये अल्बेनियात आणि १९९० मध्ये इटलीत जेनोआला पोचला. आज दक्षिण युरोपात तो स्थिरावला आहे. टोकियोच्या योयोगी बागेभोवती २०१४ मध्ये झालेल्या डेंग्यूच्या साथीला हाच डास कारण होता. या नकाशांतही जुनी अडचण आहेच : इजिप्तीच्या नोंदींपैकी फार मोठा वाटा तैवान आणि ब्राझील या दोनच ठिकाणांचा, कारण तिथे डास मोजणारी यंत्रणा आहे.

याला पूरक काम प्रयोगशाळेत झाले. एरिन मोर्डेकाय यांच्या गटाने २०१७ मध्ये डासाचे आयुष्य, चावण्याची वारंवारता, त्याच्या शरीरात विषाणू वाढायला लागणारा वेळ या सगळ्यांवर तापमानाचा परिणाम एकत्र मांडला. इजिप्तीमार्फत प्रसार सर्वाधिक होतो सुमारे २९ अंशांना आणि ३४-३५ अंशांपुढे जवळपास थांबतो. अल्बोपिक्टससाठी सर्वोच्च बिंदू २६ अंशांच्या आसपास. म्हणजे ‘जितके गरम तितका डेंग्यू’ ही समजूत अपुरी आहे. काही प्रदेश तापत जातील तसे डेंग्यूला अधिक अनुकूल होतील, काही आधीच उष्ण असलेले प्रदेश प्रतिकूलही होऊ शकतील.

पण हवामान केंद्रातले तापमान आणि डास प्रत्यक्ष जगतो ते तापमान एक नसते. एडिस घरात, पलंगाखाली, कपड्यांच्या आड बसतो. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा घरोघरी कूलर चालू असतात. खोली थंड राहते आणि कूलरच्या टाकीत अळ्यांना पाणी मिळते. अशा सवयींची नोंद कोणत्याही जागतिक थरात नाही.

नदीच्या दोन काठांवर

हवामानाला किती महत्त्व द्यायचे यावरचा वाद जुना आहे, आणि त्यात सारखे पुढे केले जाणारे उदाहरण अमेरिका-मेक्सिको सीमेवरचे आहे. टेक्सासमधले लारेडो आणि मेक्सिकोतले नुएवो लारेडो यांच्यामध्ये फक्त रिओ ग्रान्दे नदी. हवामान एकच. पॉल रायटर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दोन्ही शहरांत पाहणी केली, तेव्हा डास पैदास होणाऱ्या जागा टेक्सासच्या बाजूला अधिक होत्या आणि डेंग्यूची लागण मात्र मेक्सिकोच्या बाजूला कितीतरी जास्त. फरक होता घरांमध्ये : बंद खिडक्या, वातानुकूलन, घरांतले अंतर, माणसे आणि डास एकत्र येण्याचे प्रसंग. पीटर गेथिंग आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मलेरियाबद्दल असेच दाखवले. विसाव्या शतकात जग तापले, तरी मलेरियाचे क्षेत्र आकसले, कारण विकास आणि नियंत्रण यांचा परिणाम हवामानापेक्षा मोठा होता.

या बाजूचे म्हणणे हवामान गौण आहे असे नाही. पाणी रोज नळाला येते की चार दिवसांनी, हा प्रश्न सरासरी पावसाइतकाच महत्त्वाचा आहे, एवढेच ते आहे. पाणी साठवावे लागते तिथे पिंप, रांजण, हौद भरलेले राहतात, पाऊस पडो न पडो. मराठवाड्यातल्या टंचाईच्या गावात डेंग्यू का होतो, याचे उत्तर यात आहे. मात्र पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकाचा जागतिक नकाशा कोणाकडेही नाही, म्हणून प्रारूपांत त्याच्या जागी ‘शहरीकरण’ किंवा ‘सापेक्ष गरिबी’ असे ढोबळ थर बसतात.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही आता पूर्वीपेक्षा भक्कम आहे. मारिसा चाइल्ड्स, मोर्डेकाय आणि सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये आशिया आणि अमेरिका खंडांतल्या २१ देशांच्या प्रत्यक्ष रुग्णनोंदींचे विश्लेषण केले. १९९५ ते २०१४ या काळातल्या डेंग्यूच्या प्रमाणात सरासरी १८ टक्के वाढ तापमानवाढीमुळे झाली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. नेपाळमध्ये डेंग्यूची पहिली नोंद २००४ सालची. २०२२ मध्ये तिथे ५४ हजारांहून अधिक रुग्ण झाले, त्यांत काठमांडू खोऱ्यातले कितीतरी. डोंगराळ भागातल्या या चढाईचे स्पष्टीकरण केवळ रस्ते आणि प्रवास यांनी देता येईल असे मला वाटत नाही, पण त्यांना वगळूनही देता येणार नाही.

आफ्रिकेचे कोडे

सर्व नकाशांत सर्वाधिक अनिश्चितता आफ्रिकेबद्दल आहे. २०१३च्या नकाशाने तिथे वर्षाला सुमारे ६ कोटी ४० लाख लागणी दाखवल्या, तर प्रत्यक्ष नोंदी नगण्य होत्या. एक मत असे, की रोग आहे पण ओळखला जात नाही. तिथे ताप म्हणजे मलेरिया असे गृहीत धरले जाते, डेंग्यूची चाचणी बहुतेक दवाखान्यांत उपलब्धच नसते. बुर्किना फासोमध्ये २०२३ मध्ये लाखाहून अधिक संशयित रुग्ण आढळले. ते या मताला बळ देतात. दुसरे मत जीवशास्त्राचा आधार घेते. आफ्रिकेतल्या एडिस इजिप्तीचे मूळ रूप जंगलातले, माणसापेक्षा इतर प्राण्यांच्या रक्ताकडे वळणारे. काही आफ्रिकी डासांना झिका विषाणूची लागण कमी सहज होते, असे २०२० मधल्या प्रयोगांत दिसले. डेंग्यूबाबतही तसेच असेल तर तिथला रोग खरोखरच कमी असू शकतो. पण शहरे वाढतील तसा तिथला डासही माणसाकडे वळत जाईल, अशी चिन्हे त्याच सुमाराच्या संशोधनात आहेत. या दोन मतांत निवड करायला संगणक उपयोगी नाही. लागोस, वागाडुगू, किन्शासा इथल्या लोकांचे रक्त तपासायला हवे, तेही झिका आणि पीतज्वराच्या प्रतिपिंडांपासून फरक करता येईल अशा चाचणीने.

उद्याचे नकाशे

भविष्याबद्दलचे अंदाज २००२ पासून येत आहेत. सायमन हेल्स आणि सहकाऱ्यांनी तेव्हा हवेतल्या बाष्पावरून हिशेब केला आणि २०८५ पर्यंत ५ ते ६ अब्ज लोक धोक्याच्या क्षेत्रात असतील असे म्हटले. हवामान न बदलल्यास साडेतीन अब्ज. जेन मेसिना आणि सहकाऱ्यांच्या २०१९च्या नकाशाने २०८० साठी ६ अब्ज १० कोटींचा अंदाज दिला, २०१५ पेक्षा सव्वादोन अब्ज अधिक. दोन्ही आकडे जवळचे दिसतात, पण आशय वेगळा आहे. मेसिना यांच्या हिशेबात बहुतेक वाढ डेंग्यू नव्या प्रदेशात शिरल्याने होत नाही. जिथे तो आजच आहे तिथली लोकसंख्या वाढल्याने होते. बातम्यांत मात्र ‘डेंग्यू युरोपात पोचणार’ हाच भाग आला. युरोपात २०२४ मध्ये तीनशेच्या आसपास स्थानिक रुग्ण झाले, हे खरे आहे. त्याच वर्षी जगभरात १ कोटी ४० लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली, तोवरची सर्वोच्च. त्यातला मोठा वाटा ब्राझीलचा. धोका कुणाचा, या प्रश्नाकडे नकाशा पाहणारा कुठून पाहतो यावर बातमीचे शीर्षक ठरते, आणि संशोधनाचा पैसाही काही प्रमाणात त्याच शीर्षकामागे जातो.

नकाशावरून निर्णय

हा वाद केवळ अभ्यासकांपुरता नाही, हे लशींनी दाखवून दिले. डेंग्वॅक्सिया ही पहिली लस फिलिपाइन्समध्ये २०१६ पासून आठ लाखांहून अधिक मुलांना देण्यात आली. नोव्हेंबर २०१७ मध्ये उत्पादकाने जाहीर केले, की ज्यांना आधी डेंग्यू झालेला नाही त्यांना ही लस दिल्यास नंतरचा आजार अधिक गंभीर होऊ शकतो. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने अट घातली : लस देण्याआधी रक्त तपासा, ते शक्य नसेल तर जिथे नऊ वर्षांच्या मुलांपैकी ८० टक्के पॉझिटिव्ह आहेत अशाच भागात द्या. नंतर आलेल्या क्यूडेंगा लशीसाठी रक्ततपासणी आवश्यक नाही, पण तीही जास्त प्रसाराच्या भागातच द्यावी असा सल्ला आहे, आणि त्याचा निकष नऊ वर्षांपर्यंत ६० टक्के असा आहे. आता प्रश्न असा, की हे ६० टक्के कुठे आहेत हे कोणता नकाशा सांगेल? अनुकूलतेचा नकाशा सांगू शकत नाही. त्यासाठी जिल्हावार, वयवार रक्तसर्वेक्षण लागते. भारताच्या सर्वेक्षणात ९ ते १७ वयोगटात देशाची सरासरी ४१ टक्के निघाली. सरासरीच्या आत दक्षिण भारतही आहे आणि ईशान्यही.

गल्लीपर्यंतचे अंतर

उरलेली अडचण प्रमाणाची. जागतिक नकाशाचा चौकोन पाच किलोमीटरचा. एडिस आयुष्यभरात सहसा काहीशे मीटरच उडतो. विषाणू लांब नेतो तो माणूस. पेरूमधल्या इक्विटोस शहरात स्टीव्हन स्टॉडर्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले, की शेजारापाजाऱ्यांकडे आणि नातेवाइकांकडे जाणे-येणे हेच लागण घरोघर पोचवते. एडिस दिवसा चावतो, म्हणून पाहुणे म्हणून घालवलेली दुपार इथे मोजावी लागते. एका गल्लीत दहा रुग्ण आणि पलीकडच्या गल्लीत एकही नाही, हा अनुभव महापालिकेच्या आरोग्य निरीक्षकाला नवा नाही. तो आणि आशा सेविका ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगत, पिंपे उलथत, अळ्या शोधत फिरतात. त्यांच्या नोंदवहीत असलेली माहिती जागतिक नकाशापर्यंत जवळजवळ कधीच पोचत नाही.

या दोन टोकांच्या मधल्या प्रमाणावर एक लक्षणीय काम पुण्यात झाले. भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या सोफिया याकूब आणि रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने पुण्यातले डेंग्यूचे मृत्यू आणि हवामान यांचा संबंध तपासला. निबंध जानेवारी २०२५ मध्ये आला. २७ अंशांवरचे तापमान, मध्यम आणि सातत्याने पडणारा पाऊस आणि ६० ते ७८ टक्के आर्द्रता असताना मृत्यू वाढतात. आठवड्याला १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर ते कमी होतात, कारण अळ्या आणि अंडी वाहून जातात. म्हणजे एकूण पाऊस किती, यापेक्षा तो कसा पडला हे महत्त्वाचे. या आधारे दोन महिने आधी इशारा देता येईल, असे प्रारूप त्यांनी मांडले. वार्षिक सरासरी पावसावर बेतलेला कोणताही जागतिक नकाशा ही गोष्ट पकडू शकत नाही. उलट, पुण्याचे हे सूत्र कोचीला किंवा गुवाहाटीला लागू पडेल असेही नाही. प्रत्येक शहरासाठी निराळा अभ्यास लागेल, आणि त्यासाठी आठवडावार, वॉर्डवार रुग्णनोंदी खुल्या व्हाव्या लागतील. ‘ओपनडेंग्यू’सारख्या प्रकल्पाने जगभरच्या प्रसिद्ध नोंदी एकत्र करायला घेतल्या आहेत आणि आरोग्य संघटनेनेही देशोदेशीच्या आकड्यांचा फलक सुरू केला आहे. दोन्हीकडे माहिती तेवढीच सूक्ष्म असणार, जेवढी देश स्वतःहून देतील.

भारताचे रक्तसर्वेक्षण ही एका वेळची मोजणी आहे. पाच ते आठ वर्षांच्या मुलांतले ते २८ टक्के आज वाढले आहेत की घटले, ग्रामीण भागातला वेग शहरांना गाठतो आहे का, ईशान्येत विषाणूने किती मजल मारली, हे कळण्यासाठी त्याच वस्त्यांमध्ये पुन्हा जावे लागेल. दुसरी मोजणी हाती येईपर्यंत जागतिक नकाशांतला भारतावरचा गडद रंग किती खरा आणि किती जुना, हे ठरवता येणार नाही.